साळवे सिस्टरांची भीती

साळवे सिस्टर घाबरट होत्या. हे आधीच सांगून टाकते, कारण त्यांचा विषय निघाला की ओळखीचे लोक "काय धीराची बाई होती!" असं म्हणतात आणि मला गप्प बसवत नाही. त्यांना लिफ्टची भीती वाटायची, रस्त्यावरच्या कुत्र्यांची वाटायची. मेट्रोची दारं बंद होताना शेजारी जो कोणी असेल त्याचा दंड त्या धरायच्या. एकदा एका अनोळखी सरदारजींचा धरला आणि मग तीन स्टेशनं त्यांची माफी मागत राहिल्या. साहेबाने केबिनमध्ये बोलावलं तर आधी दोन घोट पाणी प्यायच्या. पण ही सगळी किरकोळ भीती. त्यांची मोठी भीती एकच होती. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची पाठ, जी बऱ्याच दिवसांत कोणी पाहिलेली नाही, तिची त्यांना भीती वाटायची. ती त्यांनी मलाही लावली. अजून गेलेली नाही.

आमची ओळख नोएडातल्या एका कंपनीत झाली. मी दिल्लीतच जन्मले, वाढले. बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत होते, घर मयूर विहारला. आई मी कॉलेजात असतानाच गेली. बी.एस्सी. करून मी मेडिकल कोडिंगच्या नोकरीला लागले, तेव्हा घरी कुणालाच हे काय काम आहे ते कळलं नाही. काम असं होतं: अमेरिकेतल्या इस्पितळांचे केसपेपर संगणकावर आमच्याकडे यायचे आणि ते वाचून प्रत्येक आजाराला, प्रत्येक जखमेला आम्ही ठरलेला कोड लावायचो. त्यावर तिकडची बिलं व्हायची. मला दिला गेला बेडसोरचा गट. पडून पडून माणसाच्या पाठीला, माकडहाडाला, टाचांना ज्या जखमा होतात त्या. जखम कुठे आहे आणि किती खोल आहे, यावर कोड ठरतो. पहिल्या टप्प्यात कातडी नुसती लाल, चौथ्यात हाड दिसतं.

आणि शेवटी एक अक्षर लावायचं. रोगी दाखल झाला तेव्हाच ही जखम होती का? होती तर 'वाय', नव्हती तर 'एन'. खोल जखम इस्पितळातच झाली असं ठरलं तर तिच्या उपचाराचे पैसे इस्पितळाला मिळत नाहीत. म्हणून त्या एका अक्षराकडे सगळ्यांचं लक्ष असायचं.

सिस्टर आमचं काम तपासायच्या आणि नव्यांना शिकवायच्या. मूळच्या नगरकडच्या ख्रिस्ती. लग्न होऊन दिल्लीला आल्या, तीस वर्षं नर्सिंग केलं. साळवे काका एका मंत्रालयात होते, ते वारले. मूलबाळ नव्हतं. घरात एकटं बसवेना म्हणून साठीच्या आतबाहेर त्यांनी कोडिंगची परीक्षा दिली आणि आमच्या वयाच्या मुलामुलींत येऊन बसल्या. सुती साडी, पायात रबरी तळव्याच्या चपला, केसांचा घट्ट अंबाडा. नाताळात करंज्यांचा डबा आणायच्या आणि प्रत्येकाच्या टेबलापाशी उभं राहून त्याने एक खाईपर्यंत हलायच्या नाहीत.

पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हा आठ जणांना खुर्च्यांवर बसवलं आणि म्हणाल्या, "अब कोई हिलेगा नहीं."

आम्हाला वाटलं, काहीतरी खेळ आहे. दोन-तीन मिनिटं सगळे हसत बसलो. मग हसू थांबलं. पाचव्या मिनिटाला माझ्या शेजारच्या मुलाने हळूच एक कुल्ला उचलला.

"किसने बोला हिलने को?"

"मैम, वो तो अपने आप..."

"बस, यही," सिस्टर म्हणाल्या. "जिसका अपने आप नहीं होता, उसका चार्ट तुम लोग पढ़ोगे."

त्या हे बोलल्या तेव्हा त्यांचा आवाज कापत होता. आम्हाला घाबरवण्यासाठी त्या असं करत नव्हत्या. घाबरलेल्या त्या स्वतःच होत्या.

माझा पहिला चार्ट तपासताना त्यांनी खुर्ची माझ्याजवळ ओढली. मी मराठी आहे हे कळल्यावर त्या माझ्याशी हिंदीत बोलायच्या बंद झाल्या होत्या. डॉक्टरने बेडसोर आहे एवढंच लिहिलं होतं. नर्सने लिहिलं होतं की वर काळी खपली आहे आणि त्यामुळे टप्पा ठरवता येत नाही. मी 'टप्पा नमूद नाही' हा कोड लावला होता.

"इथे काय लिहिलंय? वाच."

मी वाचलं आणि म्हणाले, "पपडी आहे म्हणून कळत नाही, असं."

"पपडी चाटवाल्याकडे. याला खपली म्हणतात."

"तेच ना सिस्टर. स्टेज माहीत नाही. मग 'नमूद नाही'च ना?"

सिस्टरांनी स्क्रीनवरून नजर काढून माझ्याकडे पाहिलं. "अनघा, या बाईने चादर वर केली, वाकून पाहिलं, आणि खपलीखाली किती खोल आहे ते तिला दिसलं नाही. तो एक कोड. दुसऱ्या ठिकाणी कुणी चादर वर केलीच नाही, किंवा करून काही लिहिलं नाही. तो दुसरा कोड. तुला दोन्ही सारखे वाटतात?"

मी 'नाही' म्हणून मान हलवली.

"दुसरा कोड आला की मी घरी जाऊन जेवत नाही," त्या म्हणाल्या आणि उठून गेल्या. मला तेव्हा हे अतीच वाटलं. पण त्यानंतर तो कोड लावण्यापूर्वी मी नर्सचं प्रत्येक पान पहिल्यापासून वाचायला लागले.

त्यांच्या सवयी ऑफिसात चेष्टेचा विषय होत्या. मीटिंग चालू असताना दर पंधरा मिनिटांनी त्या उभ्या राहायच्या, पुन्हा बसायच्या. गप्पा मारता मारता समोरच्याच्या हातावर बोट दाबून धरायच्या आणि सोडून बघायच्या. दाबल्यावर लाल कातडी पांढरी झाली आणि पुन्हा लाल झाली तर ठीक. लालच राहिली तर आत काहीतरी बिघडलंय. चार्ट वाचताना त्या डॉक्टरांची पानं शेवटी वाचायच्या, नर्सेसची आधी. आणि सगळ्यात चांगला लिहिलेला चार्ट आला, म्हणजे दर दोन तासांनी कूस बदलली, कातडी अखंड, रोगी आरामात, सगळं जिथल्या तिथे, की त्यांचा आवाज खाली यायचा. "फार चांगलं लिहिलंय गं हे," असं म्हणत त्या तारखा पुन्हा पहिल्यापासून बघायला लागायच्या.

"जो लिखा नहीं, वो हुआ नहीं," हे आमच्या धंद्यातलं पहिलं वाक्य. आमचे मॅनेजर खुराना ते रोज म्हणायचे. सिस्टर एकदा त्यांच्यासमोर हळूच म्हणाल्या, "सर, और जो लिखा है, वो हुआ है क्या?" खुराना हसले. सिस्टर हसल्या नाहीत.

त्या असं का म्हणतात हे मला वर्षभराने कळलं. एका शनिवारी त्या मला कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या राज्याच्या जुन्या सदनात जेवायला घेऊन गेल्या. "आपलं वरण खाऊन येऊ, चल," म्हणाल्या. दुपारची वेळ, कँटीनमध्ये दोन-चार सरकारी माणसं. त्यांनी ताटात हात घातला आणि त्या एकदम सुरू झाल्या.

"मी तेव्हा तिशीत होते. मोठा वॉर्ड. कुठलं इस्पितळ ते विचारू नकोस, ते आता राहिलंही नाही. एक बाबूजी होते, शाळेत शिकवायचे. छतावरून पडले होते, कमरेखाली संवेदना नव्हती. पायथ्याशी कागद टांगलेला. आठ वाजता डावी कूस, दहाला उजवी, बाराला पाठ. त्या दिवशी तपासणीला मोठे डॉक्टर यायचे होते. दोघींची ड्यूटी आणि मी एकटी होते, चाळीस खाटा. कागद आदल्या दिवसापासून कोरा. मी बसले आणि भरला. सगळ्या घरांत खुणा केल्या. खरं वाटावं म्हणून दोन वेगळी पेनं वापरली गं मी."

वाटीतलं वरण निवत होतं. मला पुढचं ऐकायचं नव्हतं.

"डॉक्टर आले. कागद पाहिला. 'बहुत अच्छा, सिस्टर,' म्हणाले. चादर कुणी उचलली नाही. मीही नाही. कारण कागदावर सगळं ठीक होतं ना! नंतर चार दिवस तो कागद तसाच भरत गेला. एकीने भरला की दुसरीही भरते. मग वास यायला लागला."

त्या पाणी प्यायल्या. पेला ताटाच्या कडेवर वाजला.

"मी चादर उचलली. हाड दिसत होतं. त्यांना दुखत नव्हतं, काहीच कळत नव्हतं. मान वळवून मला विचारलं, 'सिस्टर, पीछे कुछ है क्या?' मी म्हटलं, 'कुछ नहीं, बाबूजी.'"

"मग?"

"मग ताप चढला, विष पसरलं. गेले. मरणाच्या कागदावर वेगळंच कारण होतं. चौकशी झाली, तर कागद बघितले. कागदांवर सगळं केलेलं होतं. मला कुणी एक शब्द बोललं नाही. त्यांच्या बायकोने जाताना माझ्या पायांना हात लावला." सिस्टर थांबल्या. "कागदाने मला वाचवलं, अनघा. तेव्हापासून मला कागदाची भीती वाटते."

परतताना मेट्रोत त्यांनी माझा दंड धरला, तो मयूर विहार येईपर्यंत सोडला नाही.

यानंतर काही महिन्यांनी ती भानगड झाली. अमेरिकेतल्या एका इस्पितळाचं काम आमच्याकडे नवीन आलं होतं. त्यातला एका म्हाताऱ्या बाईंचा चार्ट मी केला. दाखल झाल्या त्या दिवशी नर्सने लिहिलं होतं, कातडी अखंड. नवव्या दिवशी माकडहाडावर तिसऱ्या टप्प्याची जखम. आणि बाराव्या दिवशी डॉक्टरच्या नावाने एक उशिराची नोंद, की दाखल होताना तिथे जखम होती, लिहायची राहून गेली. नोंद होती म्हणून मी 'वाय' लावून पुढे गेले.

सिस्टरांनी तो चार्ट थांबवला. दोन नोंदी एकमेकींशी जुळत नसतील तर डॉक्टरला विचारायचं, हा नियम. त्यांनी प्रश्न पाठवला. उत्तर आलं नाही. मग त्यांनी त्याच इस्पितळाचे आधी झालेले चार्ट काढले. जेवायच्या सुट्टीत त्यांनी मला हाक मारली. हाक ऐकूनच मला कळलं की काहीतरी भयंकर आहे.

"हे बघ. आणि हे. आणि हे."

अकरा चार्ट होते. अकराही रोग्यांच्या नावाने उशिराची तीच नोंद, त्याच शब्दांत. 'सेक्रम' म्हणजे माकडहाडाच्या वरचं हाड, त्या शब्दाची अक्षरं सगळीकडे सारखीच उलटसुलट झाली होती. कुणीतरी एकदा लिहिलं होतं आणि चिकटवत गेलं होतं. माणसं अकरा, जखमा खऱ्या, आणि त्या कुठे झाल्या ते पुसून टाकलेलं. अकरापैकी सात चार्टवर कोड लावणारीचं नाव माझं होतं.

"सिस्टर, माझी नोकरी जाईल," माझ्या तोंडून पहिलं हे निघालं.

"माझीही जाईल," त्या म्हणाल्या.

सिस्टरांनी ते चार्ट खुरानांना दाखवले आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हा दोघींना केबिनमध्ये बोलावलं. सिस्टर दोन घोट पाणी पिऊन आल्या. खुराना वाईट माणूस नव्हते. त्यांनी चहा मागवला, दार लावलं आणि समजुतीने बोलायला लागले. "सिस्टर, हम कोडर हैं, जासूस नहीं. डॉक्टर ने लिखा है, हमने लगा दिया. क्लायंट चला गया तो बीस लोग घर बैठेंगे. आप तो रिटायर हो जाएँगी. इस बच्ची का सोचिए."

सिस्टरांचा चहा साडीवर सांडला, तो त्यांनी पुसलाही नाही. "सर, मुझे बहुत डर लग रहा है," त्या म्हणाल्या. "कल से नींद नहीं है. इसीलिए लिखकर दे रही हूँ. नहीं लिखूँगी तो और डर लगेगा."

त्यांनी कंपनीच्या वरच्या समितीला पत्र लिहिलं, एका पानाचं. ते माझ्यासमोर ठेवलं. खाली त्यांची सही होती आणि तिच्या बाजूला मोकळी जागा.

"तू करणार?"

मी ते पत्र दोनदा वाचलं. समोर काचेपलीकडे वीस जण काम करत बसले होते, काही जणांनी माना वळवल्या होत्या.  मी म्हणाले, "बाबांना विचारते." बावीस वर्षं ओलांडलेल्या मुलीने बाबांना काय विचारायचं होतं! त्या पत्र घडी करून घेऊन गेल्या. नंतर मला कळलं की त्या पत्रात त्यांनी चार्टचे क्रमांक दिले होते, पण ते कुणी केले होते त्या रकान्यातली नावं काढून टाकली होती.

पुढे दोन महिन्यांत सगळं झालं. चौकशी आली, त्या इस्पितळाने काम काढून घेतलं, आमचा गट फुटला. मला दुसऱ्या गटात जागा मिळाली, काहींना मिळाली नाही. कँटीनमध्ये सिस्टर आल्या की टेबलं रिकामी व्हायची. एक जण त्यांच्या तोंडावर म्हणाला, "मिल गया चैन?" त्यांचं कंत्राट संपलं ते पुन्हा झालं नाही. शेवटच्या दिवशी त्यांनी डबा, शाल आणि छोटं बायबल पिशवीत भरलं आणि जिन्याने खाली गेल्या. मी सहाव्या मजल्याच्या कठड्याशी उभी होते. त्यांच्या चपलांचा आवाज खालपर्यंत ऐकला, पण उतरले नाही. वर्षभराने खुराना मला सांगत होते की तिकडे ते अकराही चार्ट दुरुस्त झाले, घरच्यांना कळवलं गेलं. "बुढ़िया सही थी, यार," ते म्हणाले. तोवर सिस्टरांना मी एकही फोन केलेला नव्हता.

फोन केला तो गरज पडली तेव्हाच. बाबा न्हाणीघरात घसरले, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पंधरा दिवसांनी घरी आणलं. मी रजा संपवून कामावर जायला लागले होते, म्हणून विनोद नावाचा अटेंडंट ठेवला, चाळिशीचा, शांत माणूस. मी त्याला वही आखून दिली. वेळ, कूस, कातडी कशी आहे, सही. संध्याकाळी आले की मी वही बघायची. सगळी घरं भरलेली असायची, अक्षर नेटकं. बाबा मला पाठ बघू द्यायचे नाहीत. "तू मुलगी आहेस," म्हणायचे. आणि खरं सांगायचं तर त्यांनी नाही म्हटलं की मला सुटल्यासारखं वाटायचं. दिवसभर मी परक्या देशातल्या पाठींबद्दल वाचत होते आणि माझ्या घरातली एक पाठ मी पाहिली नव्हती.

एके दिवशी वही चाळताना माझ्या लक्षात आलं की हे फार चांगलं लिहिलंय.  मी त्याच क्षणी सिस्टरांना फोन लावला. दीड वर्षाने. त्यांनी "कशी आहेस?" विचारलं नाही. "पाहिलंस का?" एवढंच विचारलं. मी नाही म्हणाले. "आलेच," म्हणाल्या.

त्या आमचे चार मजले जिन्याने चढून आल्या. दम खात बाबांच्या खाटेशी बसल्या, हात चोळून गरम केले. "काका, मी साळवे. अनघाबरोबर होते. पाठ दाखवा बघू."

बाबा ओशाळून म्हणाले, "अहो, मराठी माणसाने पाठ दाखवायची नसते."

"आज दाखवा. लढाई तीच आहे."

विनोदच्या मदतीने त्यांनी बाबांना कुशीवर वळवलं. मी भिंतीला टेकून उभी होते. सिस्टर वाकल्या, आणि त्यांची मान जिथल्या तिथे थांबली. टाच लाल होती, बोट दाबलं तरी लालच. माकडहाडावर तळहाताएवढा डाग होता, वांग्याच्या सालीसारखा जांभळा. कातडी फाटली नव्हती. मला नाव माहीत होतं, कोड माहीत होता. आतलं मांस मेलेलं असतं आणि वरची कातडी काही दिवसांनी कळवते.

बाबांनी भिंतीकडे तोंड करूनच विचारलं, "काय आहे हो मागे?"

सिस्टरांनी डोळे मिटले.  मला वाटलं, आता या काही नाही म्हणणार.

"जखम आहे, काका," त्या म्हणाल्या. "आत झालेली आहे, अजून बाहेर यायची आहे. दोन-चार दिवसांत फुटेल. भरून येईल, पण वेळ लागेल. मी रोज येईन."

बाबा म्हणाले, "बरं झालं सांगितलंत. मला वाटत होतंच."

मग त्या वही घेऊन स्वयंपाकघरात गेल्या आणि विनोदला बोलावलं. मला वाटलं, आता त्याला झापतील. मी तर त्याला हाकलायच्याच तयारीत होते. त्यांनी विचारलं, "बेटा, सच बता. कितनी बार करवट दिलाई?"

विनोद रडायलाच लागला. एकट्याने बाबांना वळवताना ते ओरडायचे, त्याला वाटायचं हाड पुन्हा मोडेल. म्हणून तो हात लावत नव्हता. आणि मॅडम संध्याकाळी वही बघतात, म्हणून भरत होता.

"मैंने भी भरा था," सिस्टर त्याला म्हणाल्या. "एक आदमी मर गया. अब तू मुझसे सीख."

त्याच तासाला त्यांनी मला सर्जनना फोन करायला लावला. पोटऱ्यांखाली उशी ठेवून टाचा अधांतरी कशा ठेवायच्या, दुखऱ्या बाजूला ताण न देता दोघांनी मिळून कसं वळवायचं, हे त्यांनी विनोदकडून दहा वेळा करून घेतलं. जखम फुटली, त्यांनी सांगितलं होतं तशीच. भरून यायला साडेतीन महिने लागले. पहिले चाळीस दिवस त्या रोज सकाळी चार मजले चढल्या. रोज चादर उचलण्यापूर्वी त्या क्षणभर थांबायच्या, चाळिसाव्या दिवशीही. आता वहीतली काही घरं रिकामी दिसायची. कधी विनोदने लिहिलेलं असायचं, 'नहीं हो पाया, अंकल को दर्द था.' सिस्टर त्या ओळीवर बोट ठेवून म्हणायच्या, "हे खरं लिहिलंय." बाबा त्यानंतर वॉकर धरून बाल्कनीपर्यंत चालायला लागले.

सिस्टर गेल्याचं मला त्यांच्या भावाच्या नगरहून आलेल्या फोनवर कळलं. झोपेतच गेल्या. पण त्याआधी, बाबा चालायला लागल्यानंतर, एकदाच मी त्यांना पाहिलं होतं. बुराडीच्या पुढे, रस्त्यावर टाकून दिलेल्या आजारी माणसांसाठी एक आश्रम आहे. तिथे त्या विनावेतन जायला लागल्या होत्या. थंडीतली दुपार होती. मी गेले तेव्हा त्या गच्चीवर वाळलेल्या चादरी काढत होत्या. स्वतः खूप रोडावल्या होत्या, अंबाडा सुपारीएवढा राहिला होता.

बाबांची खुशाली झाली. मग मी रिक्षात तीनदा म्हणून पाहिलेलं वाक्य बोलले. "सिस्टर, त्या दिवशी मी सही करायला हवी होती."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "हो, करायला हवी होतीस," म्हणाल्या. आवाजात राग नव्हता आणि समजूतही नव्हती. मग चादरीचं एक टोक माझ्याकडे दिलं. "हे धर. घट्ट ओढ. सुरकुती राहिली तर टोचते."

आम्ही दोघींनी मिळून सात-आठ चादरींच्या घड्या केल्या. त्यांना काहीतरी विचारावं म्हणून मी तोंड उघडलं, तेवढ्यात खालून एका आयाने हाक मारली, "सिस्टर! नया आया है! बहुत दिन का पड़ा हुआ है!"

सिस्टरांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. हातातली चादर त्यांनी माझ्या हातात दिली आणि भिंत धरत धरत जिना उतरल्या. मी कठड्याशी जाऊन खाली पाहिलं. फाटकात अँब्युलन्स उभी होती, मागचं दार उघडं. आत कोणीतरी एकसारखं कण्हत होतं, ते वरपर्यंत ऐकू येत होतं. अँब्युलन्सवाला नाकाला रुमाल लावून लांब उभा होता. सिस्टर दारापाशी पोचल्या आणि थांबल्या. एक हात पत्र्यावर टेकला. खांदे वरखाली होत होते. किती वेळ गेला सांगता येणार नाही. मला वाटलं, आज या परत फिरणार. मग त्यांनी पदर कमरेला खोचला, चपला काढून बाहेर ठेवल्या आणि आत चढल्या.